डेजेट (2002–2008) : वेळेच्या सवडीवर भाव ठरवणारी विमानसेवा

डेजेट या अमेरिकी विमानसंस्थेचे उड्डाणाचे आयुष्य पुरते वर्षभराचेही नाही. 3 ऑक्टोबर 2007 रोजी फ्लोरिडा राज्यातल्या पाच शहरांदरम्यान तिची सेवा सुरू झाली आणि 19 सप्टेंबर 2008 रोजी ती बंद पडली. स्थापना 2002 ची. म्हणजे तयारीला पाच वर्षे आणि प्रत्यक्ष व्यवहाराला साडेअकरा महिने. स्मरणिकेत रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव गाठलेल्या संस्थांना मान मिळतो. तिथे अशा अल्पायुषी संस्थेला पाने का द्यावीत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या लेखाचा मुख्य मुद्दाच आहे. खासगी जेटचे बुकिंग संगणकावर आणि पुढे मोबाइलवर आणणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी जुनाच व्यवहार नव्या रूपात मांडला. डेजेटने व्यवहारच बदलला. तिने अख्खे विमान विकण्याऐवजी एकेक आसन विकले, तेही ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय, आणि आसनाचा भाव प्रवाशाजवळ वेळेची सवड किती आहे यावर ठरवला. हे गणित तिने सोडवले होते. तिला सुटले नाही ते दुसरे गणित, भांडवलाचे: गिऱ्हाईक दाट होईपर्यंत रिकाम्या आसनांचा तोटा कोणी आणि किती काळ सोसायचा? या दोन गणितांची गल्लत केली की डेजेटच्या इतिहासातून हमखास चुकीचा धडा निघतो.

संस्थापक आणि पूर्वपीठिका

डेजेटचे संस्थापक एड याकोबुची हे विमान व्यवसायातले नव्हते. 1953 मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स इथे जन्मलेले, जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ आयबीएममध्ये संगणक प्रणालींवर काम करत होते. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे, जिथे आयबीएमचा मूळ पर्सनल कॉम्प्युटर घडला, तिथेच ओएस/2 या कार्यप्रणालीच्या रचनेचे नेतृत्व त्यांनी केले. 1989 मध्ये नोकरी सोडून त्यांनी सिट्रिक्स ही कंपनी काढली. एकाच शक्तिमान संगणकाची ताकद अनेक वापरकर्त्यांत वाटून देणारे सॉफ्टवेअर हा सिट्रिक्सचा धंदा. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने या क्षेत्रात स्वतः उतरायचे ठरवले तेव्हा कंपनी संपणार असे बाजाराने धरून चालले होते. याकोबुचींनी वाटाघाटी करून मायक्रोसॉफ्टशीच परवान्याचा करार केला आणि कंपनी तरली. 2000 मध्ये ते सिट्रिक्समधून बाहेर पडले आणि दोन वर्षांनी विमानांकडे वळले. महागडे साधन एकट्याच्या मालकीचे न ठेवता ते अनेकांत कसे वाटावे, हा त्यांच्या दोन्ही उद्योगांतला सामाईक प्रश्न होता.

त्या वेळी खासगी जेटने जायचे असेल तर मुख्य मार्ग दोन होते. एक चार्टरचा: दलालाला फोन करायचा, तो दोन-चार विमानमालकांकडे चौकशी करून भाव सांगायचा आणि गिऱ्हाइकाने अख्खे विमान भाड्याने घ्यायचे. विमान गिऱ्हाइकाला सोडून रिकामे परत येणार असेल तर त्या रिकाम्या फेरीचा खर्चही या ना त्या रूपात त्याच्याच बिलात पडायचा. दुसरा मार्ग अंशतः मालकीचा. 1964 मध्ये सुरू झालेल्या एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन या कंपनीने, रिचर्ड सान्तुली यांच्या मालकीत आल्यावर, 1986 मध्ये नेटजेट्स या नावाने तो रूढ केला. विमानाचा एक हिस्सा विकत घ्यायचा आणि त्या प्रमाणात उड्डाणाचे तास वापरायचे. 1998 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी 72 कोटी 50 लाख डॉलरला घेतली. धंदा म्हणून दोन्ही मार्ग चालले. पण दोन्हींत विकली जाणारी वस्तू एकच होती: विमानाचा तास. आत माणूस एक बसला काय आणि सहा बसले काय, बिल तेवढेच. त्यामुळे गिऱ्हाईकही ठरलेलेच राहिले: ज्यांच्या तासाची किंमत विमानाच्या तासाहून जास्त आहे, असे मूठभर लोक.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेत सार्वजनिक वापराचे 5,000 हून अधिक विमानतळ होते आणि नियमित विमानसेवा त्यातल्या जेमतेम 500 ठिकाणी. मोठ्या कंपन्यांनी आपली उड्डाणे अटलांटा, शिकागो, डॅलससारख्या काही केंद्रांवर एकवटली होती. फ्लोरिडाच्या एका टोकाच्या शहरातून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला पुष्कळदा राज्याबाहेर अटलांटा किंवा शार्लटला जाऊन विमान बदलावे लागे. तेवढ्या वेळात मोटारीने अर्धेअधिक अंतर कापून होई, म्हणून लोक मोटारच काढत. लहान धावपट्ट्या वापरात आणून हा प्रवास हवेतून करता येईल का, याचा अभ्यास नासाने 2001 ते 2005 या काळात एका स्वतंत्र कार्यक्रमाखाली केला. त्याचे नेतृत्व करणारे ब्रूस होम्स पुढे डेजेटमध्येच रुजू झाले. म्हणजे डेजेटची कल्पना एका श्रीमंत माणसाच्या लहरीतून आली नव्हती. सरकारी संशोधन, रिकाम्या धावपट्ट्या आणि मोटारीत दिवस घालवणारा मध्यम अधिकारीवर्ग अशी तिची पार्श्वभूमी होती.

विमान

कल्पना जुळली तरी त्या भावात उडेल असे विमान हवे होते. ते देण्याचे आश्वासन न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथल्या एक्लिप्स एव्हिएशनने दिले. 1998 मध्ये ती स्थापन करणारे व्हर्न रॅबर्न हेही संगणक क्षेत्रातून, मायक्रोसॉफ्टमधून आलेले. त्यांच्या गुंतवणूकदारांत बिल गेट्सही होते. एक्लिप्स 500 हे दोन इंजिनांचे, सुमारे 2,700 किलो कमाल वजनाचे, वैमानिकासह सहा आसनांचे चिमुकले जेट. जाहीर केलेली किंमत सुरुवातीला दहा लाख डॉलरच्याही आत होती. नेहमीच्या लहान जेटच्या मानाने ती काहीच नव्हती. मात्र हा भाव मोठ्या संख्येने उत्पादन होईल या गृहीतावर बेतलेला होता, आणि त्या संख्येसाठी एक्लिप्सला डेजेटसारखे घाऊक गिऱ्हाईक हवे होते. डेजेटने 239 विमानांची पक्की मागणी नोंदवली आणि आणखी 70 घेण्याचा हक्क राखून ठेवला. डेजेटचा भाव एक्लिप्सच्या किमतीवर अवलंबून, एक्लिप्सची किंमत डेजेटच्या मागणीवर अवलंबून. एकमेकांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या दोन कंपन्यांपैकी एकीचा पाय घसरला तर दुसरी सावरणार नव्हती, हे कागदावरच दिसत होते.

पाय घसरला तो आधी एक्लिप्सचा. ठरवलेले मूळ इंजिन अपुरे पडल्याने 2002 मध्ये ते सोडून द्यावे लागले आणि प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे नवे इंजिन घ्यावे लागले. त्यात वर्षे गेली. पूर्ण प्रमाणपत्र 30 सप्टेंबर 2006 रोजी मिळाले, तेव्हाही विमानातली काही उपकरणे अपुरीच होती आणि ती नंतर बसवून देण्याचे ठरले होते. किंमत दरम्यान वाढत गेली. डेजेटची पहिली विमाने 2007 च्या वसंतात आली. तोवरचा वेळ याकोबुचींनी विमानाविना संगणकावर घालवला आणि संस्थेचे खरे काम त्याच वर्षांत झाले.

गणित

डेजेटच्या पद्धतीला आपल्याकडचा एक ओळखीचा दाखला आहे: पश्चिम महाराष्ट्रातले वडाप. जीप भरेपर्यंत ती निघत नाही. प्रवासी वेळेची खोट खातो म्हणून त्याला भाडे परवडते. यात अडचण एवढीच की किती वेळ थांबायचे हे प्रवाशाला आधी कळत नाही. डेजेटने ती थांबण्याची वेळ आधीच विचारून घेतली आणि तिचा भाव बांधला.

व्यवहार असा चाले. समजा गेन्सव्हिलच्या एका प्रवाशाला बोका रॅटनला जायचे आहे. संकेतस्थळ त्याला सुटण्याची वेळ विचारत नसे. विचारी ते दोन प्रश्न: लवकरात लवकर कधी निघू शकाल आणि उशिरात उशिरा कधी पोचले पाहिजे? प्रवाशाने सकाळी नऊ ते अकरा असा आखूड अवधी दिला तर भाव चढा. सात ते एक असा सैल अवधी दिला तर तोच प्रवास स्वस्त. मैलाला साधारण एक डॉलरपासून तीन-चार डॉलरपर्यंत हा भाव हलत असे. मागणी आली की काही सेकंदांत यंत्रणेला हो किंवा नाही सांगायचे होते, कारण प्रवासी पडद्यासमोर बसलेला असे. एकदा हो म्हटले की शब्द पाळायचाच. मग रात्री दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या मागण्या एकत्र करून कोणते विमान कुठून कुठे जाईल, कोणाला थेट नेता येईल, कोणाला वाटेत एका ठिकाणी उतरवून पुढे न्यावे लागेल, याची जुळणी होई. नक्की किती वाजता निघायचे हे प्रवाशाला त्यानंतर कळे. विमानात दोन वैमानिक आणि जास्तीत जास्त तीन प्रवासी. शिवाय प्रत्येक विमान रात्री आपल्या ठाण्यावर परत आलेच पाहिजे, वैमानिकांच्या कामाचे तास मर्यादेत राहिले पाहिजेत, इंधन आणि वजनाचा मेळ बसला पाहिजे.

हे गणित किती अवघड आहे याची कल्पना यावरून यावी की विमाने आणि मागण्या थोड्या वाढल्या की शक्य जुळण्यांची संख्या कोणत्याही संगणकाला एकेक तपासून पाहता येणार नाही इतकी फुगते. याकोबुचींनी त्यासाठी जॉर्जिया टेकमधले पूर्णांक गणिताचे जाणकार जॉर्ज नेमहाउझर आणि मार्टिन साव्हेल्सबर्ग यांना हाताशी धरले. त्यांच्या चमूने या प्रश्नाची मांडणी आणि त्यावरच्या पद्धती 2008 मध्ये वाहतूकशास्त्राच्या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध केल्या. दुसरीकडे मागणीचा अंदाज बांधण्यासाठी संगणकात काल्पनिक प्रवाशांचे अख्खे राज्य उभे करण्यात आले: प्रत्येक काल्पनिक प्रवासी मोटार, नियमित विमान आणि डेजेट यांतून स्वतःच्या सोयीने निवड करणार आणि त्या हजारो निवडींतून कोणत्या गावात किती गिऱ्हाईक मिळेल ते दिसणार. बोका रॅटन, गेन्सव्हिल, लेकलँड, पेन्साकोला आणि राजधानी टॅलाहासी ही पहिली पाच ठाणी निवडली गेली. यात मायामी नाही आणि ऑर्लँडोही नाही. मोठ्या विमानकंपन्यांनी ज्यांना आडगाव ठरवले होते त्यांच्यातच धंदा आहे, असा या निवडीचा अर्थ होता.

या गणिताचे आर्थिक महत्त्व एका साध्या हिशेबात कळते. समजा 300 मैलांचा प्रवास आहे आणि आसनाचा भाव मैलाला दोन डॉलर. एकच प्रवासी मिळाला तर 600 डॉलर आले, तिघे मिळाले तर 1,800. दोन वैमानिकांचा पगार, इंधन, देखभाल, विमानाचा हप्ता दोन्ही वेळा जवळपास सारखाच. म्हणजे नफा-तोट्याचा सारा खेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या आसनावर. आणि ती आसने भरतात फक्त प्रवाशांचे अवधी एकमेकांवर पडले तर. प्रवाशाला अवधी सैल ठेवण्यासाठी सवलत देणे ही म्हणूनच धंद्याची मुख्य क्लृप्ती ठरते. पण अवधी जुळायला मुळात एका मार्गावर रोज पुरेसे प्रवासी हवेत, आणि पुरेसे प्रवासी यायला पुरेशी विमाने हवीत. पाच विमानांचे असे जाळे पन्नास विमानांच्या जाळ्याच्या एक दशांशही काम करत नाही. गिऱ्हाईक विरळ असते तोवर रिकाम्या फेऱ्या जास्त, आणि या काळातला तोटा टाळता येत नाही.

उड्डाण आणि अखेर

ऑक्टोबर 2007 मध्ये सेवा सुरू झाल्यावर पाच ठाण्यांपासून आणखी गावांपर्यंत ती वाढवत नेण्यात आली. फ्लोरिडाबाहेर जॉर्जिया आणि अलाबामातही विमाने जाऊ लागली. ताफा 28 विमानांवर पोचला. पण कागदावरच्या 239 विमानांचे आणि हाती आलेल्या 28 विमानांचे अंतर भरून काढायला नवे भांडवल लागणार होते, आणि 2008 च्या पूर्वार्धात ते मिळणे अवघड होत चालले होते. मे महिन्यात कर्मचारी कपात झाली आणि सेवा आखडती घेण्यात आली. 5 जून रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर दुसऱ्याच एका मालकाच्या एक्लिप्स 500 विमानाची दोन्ही इंजिने उतरताना पूर्ण ताकदीवर अडकली. विमान सुखरूप उतरवण्यात आले, पण या प्रकारामुळे अमेरिकी विमान नियामकांना तातडीने आदेश काढावे लागले आणि विमानाच्या प्रमाणपत्राची फेरतपासणी झाली. जुलैमध्ये रॅबर्न यांना एक्लिप्सच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळली आणि चार दिवसांनी डेजेटने सेवा थांबवली. भांडवल उभे न राहिल्याचे कारण देतानाच एक्लिप्सने करारानुसार उपकरणे बसवून आणि दोष दुरुस्त करून दिले नाहीत, असेही कंपनीने म्हटले. 25 नोव्हेंबरला एक्लिप्सनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. याकोबुचींनी पुढे सॉफ्टवेअरचीच दुसरी कंपनी काढली. 2013 मध्ये त्यांचे निधन झाले.

आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे. संस्था बुडाली म्हणजे कल्पनाच चुकली, मग गणिताचे कौतुक कशाला? संस्थेच्या मरणातून कल्पनेचे मरण सिद्ध करायचे असेल तर विमाने ठरल्याप्रमाणे मिळाली, जाळे दाट झाले आणि तरीही आसने भरली नाहीत, असे दाखवावे लागेल. तशी कसोटी झालीच नाही. साडेअकरा महिने आणि 28 विमाने एवढ्यावर मागणीचा निकाल लागत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. याच कारणाने डेजेटचे समर्थकही कल्पना सिद्ध झाली होती असा दावा करू शकत नाहीत. सिद्ध झाले ते एवढेच की ठरलेले वेळापत्रक नसताना, मागणीप्रमाणे एकेक आसन विकून, दिलेला शब्द पाळणारी जुळणी संगणकाला करता येते. तोवर विमानसेवेत हे कोणी करून दाखवले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागतिक मंदीचे निमित्त पुढे करून संस्थापकाच्या चुका झाकल्या जातात. हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करायला हवा. कपात मे महिन्यात झाली, लेहमन सप्टेंबरात कोसळली. म्हणजे मंदीने शेवटचा धक्का दिला, पडझड आधीच सुरू होती. त्याच वर्षी पोगो जेट या नावाने अशाच लहान जेटची सेवा काढू पाहणाऱ्या डोनाल्ड बर आणि रॉबर्ट क्रँडल या मुरलेल्या विमानउद्योजकांनी समभाग विक्रीची तयारी केली आणि सप्टेंबरच्या आधीच माघार घेतली. पीपल एक्स्प्रेसचे संस्थापक आणि अमेरिकन एअरलाइन्सचे माजी प्रमुख यांनाही भांडवल बाजार दार उघडत नव्हता, तर दोष एकट्या याकोबुचींच्या वाट्याला टाकता येत नाही. पण त्यांची चूक ठळक आहेच. संस्थेचे तीन पाय होते: सॉफ्टवेअर, विमान आणि भांडवल. पहिला त्यांच्या हातात होता, त्यावर त्यांनी पाच वर्षे मेहनत घेतली. उरलेले दोन इतरांच्या हातात होते आणि तिथे त्यांनी पर्याय ठेवला नाही. अजून प्रमाणपत्र न मिळालेल्या एकाच विमानावर, एकाच कारखान्यावर सगळी भिस्त ठेवणे हा निर्णय हिशेबी माणसाला शोभणारा नव्हता.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे. जेट शेवटी श्रीमंतांचेच. ते थोडे स्वस्त झाले म्हणून इतिहासाने दखल का घ्यावी? डेजेटचा प्रवासी गरीब नव्हता हे खरे. पण तो लिअरजेटमधून फिरणारा उद्योगपतीही नव्हता. कंपनी आपला प्रतिस्पर्धी म्हणून मोटारीकडे पाहत होती. सहा-सात तास गाडी हाकून टॅलाहासीला जाणारा वकील, कंत्राटदार, विक्री अधिकारी तिला हवा होता. शिवाय इथे महत्त्व भावापेक्षा भाव ठरवण्याच्या रीतीला आहे. ज्याच्याजवळ पैसा कमी आणि वेळ जास्त आहे त्याला त्या वेळेचे मोल मिळावे, ही रीत जेटपुरती मर्यादित नाही. तालुक्याच्या बसपासून रुग्णवाहिकेच्या परतफेरीपर्यंत कुठेही ती लागू पडते.

वारसा

डेजेटच्या आगेमागे आलेल्या कंपन्यांकडे पाहिले की तिने सोडवलेले गणित किती कमी जणांनी उचलले हे दिसते. स्वीडनच्या गोथेनबर्गमधली ॲविनोड आणि इंग्लंडमधली प्रायव्हेटफ्लाय यांनी दलाल आणि विमानमालक यांच्यातली चौकशी संगणकावर आणली. काम उपयुक्त, पण विकले जाणारे अख्खे विमानच. 2013 च्या सुमारास फ्लोरिडातूनच सुरू झालेल्या जेटस्मार्टरने ॲपवर आसने दिली, मात्र ठरावीक सदस्यत्व शुल्कात. भाव वेळेशी बांधलेला नसल्याने आसनाची खरी किंमत आणि सदस्याने भरलेले पैसे यांचा मेळ बसणे कठीण होते. अटी बदलत गेल्या, सदस्य न्यायालयात गेले आणि 2019 मध्ये कंपनी व्हिस्टा समूहात विलीन झाली. व्हील्स अप या अमेरिकी खासगी जेट कंपनीने 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी केली आणि दोनच वर्षांत डेल्टा एअरलाइन्स आणि तिच्या सहकाऱ्यांच्या 50 कोटी डॉलरच्या मदतीवर ती तगली. आपल्याकडे 2014 मध्ये कनिका टेकरीवाल यांनी दिल्लीत सुरू केलेल्या जेटसेटगोने आधी बुकिंगचा बाजार मांडला आणि नंतर मालकांची विमाने सांभाळण्याच्या कामात उतरण्याचा मार्ग धरला. या शेवटच्या तीन उदाहरणांतून एकच गोष्ट समोर येते. केवळ पडद्यावर भाव दाखवून या धंद्यात फार काळ राहता येत नाही. आज ना उद्या विमानाची आणि रिकाम्या आसनाची जबाबदारी अंगावर घ्यावीच लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय परका नाही. 2019 मध्ये ब्लेड इंडियाने मुंबई, पुणे आणि शिर्डी यांच्यात हेलिकॉप्टरची आसने विकायला सुरुवात केली. त्याहून मोठा प्रयोग सरकारचा. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेतली पहिली विमाने सुटली त्यात नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. विमानातली निम्मी आसने तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपये या मर्यादेत आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारच्या अनुदानातून भरून निघणार, अशी ही रचना होती. डेजेटला जे मिळाले नाही, म्हणजे गिऱ्हाईक दाट होईपर्यंतचे पाठबळ, तेच इथे सरकारने देऊ केले. तरीही महालेखापालांच्या 2023 च्या अहवालात दिसते की तपासलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, त्यातल्या 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्ग 54. कारणे अनेक आहेत. धावपट्ट्या वेळेत तयार न होणे, लहान विमानांची टंचाई ही त्यातली मोठी. पण एक कारण डेजेटच्या इतिहासाने लक्षात आणून दिलेले आहे. अनुदानाचे विमान ठरलेल्या वेळीच उडते. विरळ मागणीच्या मार्गावर ठरलेली वेळ थोड्याच लोकांना सोयीची असते, आणि उरलेली आसने सरकारी पैशावर रिकामी उडतात. डेजेटजवळ वेळ जुळवणारे गणित होते पण पैसा नव्हता; उडानजवळ पैसा होता पण वेळ जुळवणारे गणित नव्हते. दोन्ही एकत्र आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे अजून झालेला नाही.

म्हणून डेजेटचे मूल्यमापन करताना हात राखून बोलण्याची गरज नाही. उद्योग म्हणून ती अपयशी ठरली, आणि त्या अपयशाचा मोठा वाटा संस्थापकाने पत्करलेल्या जोखमीचा होता. विचार म्हणून तिने जे दाखवून दिले ते आजच्या पुष्कळ यशस्वी ॲपांनीही दाखवलेले नाही. विमानाचे, हेलिकॉप्टरचे किंवा साध्या बसचे बुकिंग संगणकावर आणू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या उद्योजकाला, आणि त्याला पैसे देणाऱ्यांनाही, या इतिहासातून दोन प्रश्न घेण्यासारखे आहेत. दुसरे आणि तिसरे आसन तुम्ही कशाने भरणार? आणि ते भरेपर्यंतचा तोटा कोणाच्या खिशातून जाणार? ज्याच्याजवळ या दोन्हींची लेखी उत्तरे आहेत त्यानेच पहिले विमान घ्यावे.